पेन्सिलीचा रकाना

धंतोलीतल्या लॅबमध्ये एकवीस वर्षं
मी मोजते.
पुरुष बाटली देतात भिंतीकडे बघत,
जणू भिंतच मॅडम आहे.
रुमालात, वर्तमानपत्रात,
एकाने तर संत्रा बर्फीच्या डब्यात आणली होती.
दुसऱ्या गावी सांगत असतील,
खिशात धरून आणा, गार होऊ देऊ नका.
इथे मे महिन्यात ते सांगावं लागत नाही.

काचेवर थेंब. डोळा लावला की
चौकोन दिसू लागतात,
बेसा-पिपळ्याकडचे लेआऊट असतात तसे,
प्लॉट पाडलेले, वस्ती विरळ.
कोणी सरळ धावतं,
कोणी जागच्या जागी भोवरा,
कोणाला दोन डोकी, कोणाला शेपूटच नाही,
कोणी नुसतं पडून, दुपारच्या कुत्र्यासारखं.
अंगठ्याखाली काउंटर टकटकतो.
दीड कोटीच्या खाली आलं
की लाल शाई.

फॉर्मवर वय असतं,
लग्नाला वर्षं किती,
संयम किती दिवसांचा,
पत्नीच्या तपासण्या (ही फाईल नेहमीच जाड).
काम काय करता, हे कोणी विचारत नाही.
तो रकाना मी समासात काढला, पेन्सिलीने.
कोणी सांगितलं नव्हतं.
हिंगणा, पावडर कोटिंग.
काटोल रोड, बागेत फवारा मारतो, रोजाने.
कोराडी, राखेचे ट्रक.
बुटीबोरी, थिनर.
(बुटीबोरीत माझा मुलगाही लागलाय जूनपासून.
त्याला मी अजून काही विचारलेलं नाही.)
पण मास्तरही येतात, बँकेतलेही येतात,
एसीत बसणारे, तेही लाल शाईत.
म्हणून शपथेवर काही सांगता येत नाही.
पेन्सिल आहे ती. पुरावा नव्हे.

एप्रिलात हेमराज नंदनवार आला,
एकतीस, गोळीबार चौक.
बापाचा माग होता. हा ई-रिक्षाच्या बॅटऱ्या खोलतो,
शिसं वितळवतो.
"भजे तळाची कढई असते ना ताई, तशीच."
नखांत करडी रेघ, साबणाला न जुमानणारी.
सहा वर्षांत योगिताने
कोराडीची देवी केली, ताजबाग केलं,
नळ्या तपासून घेतल्या दोनदा.
याचा नंबर आत्ता लागला.
चाळीस लाख.
मी पुन्हा मोजलं. अडतीस.

रिपोर्ट डॉक्टरांनी सांगायचा असतो.
पण जिन्यात तो उभा होता, गालात खर्रा.
"आमच्यात असं कोनाले नाही ताई.
बापाले आम्ही आठ."
म्हटलं, बीज घडायला अडीच महिने लागतात.
तीन महिने शिसं सोडून बघ. हा खर्राही.
मग पुन्हा ये, कधी कधी फरक पडतो.
तो हसला, थुंकला नाही, गिळलं.
"तीन महिने दुकान बंद ठेवलं
तं मोजाले घरात कोनीच उरत नाही."

यावर काय बोलायचं
ते मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

ऑगस्टात योगिता एकटीच आली,
हातात काही नाही, बाटली नाही, फाईल नाही.
"ते हातमोजे घालते आता. एकच जोड हाय,
रातच्याले वाळवून ठेवतो मी.
त्यायचे कपडे वेगळे धुतो.
पानी काळंच निघते ताई.
ते फेकू कुठी?"
मी म्हटलं, मोरीत.
म्हणताना माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.
मोरीतून नाली, नालीतून नाला,
आणि पुढे कुठे ते तिलाही माहीत होतं.
ती मान हलवून जिना उतरली.

घरी जाताना पुलावर ऑटो थांबला.
खाली नाग नदी,
जिच्यावरून गावाला नाव पडलं म्हणतात.
वास आला म्हणून सगळ्यांनी नाकाला ओढणी, रुमाल.
माझा अंगठा मांडीवर टकटकत होता,
आपोआप.
काय मोजत होता, माहीत नाही.